घराचा नकाशा कोणासाठी?

अक्षय तृतीया जवळ आली की यवतमाळ शहरातून दारव्ह्याकडे, आर्णीकडे वा पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांलगतच्या नव्या वसाहतींत, मोकळ्या भूखंडांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड येथील चित्रही यापेक्षा वेगळे नसते. चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते, नारळ फुटतो आणि पहिली कुदळ पडते. कोणा शिक्षकाच्या, कोणा लिपिकाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या काटकसरीचे फळ त्या रेघांच्या चौकटीत मांडले जात असते. मुलीचे स्थळ पाहताना सहा-सहा महिने चौकशी करणारे, क्विंटलमागे शंभर रुपये अधिक मिळावेत म्हणून कापूस घरात ठेवून आठवडेच्या आठवडे थांबणारे हे लोक. परंतु ज्या घरात उरलेले सारे आयुष्य काढावयाचे त्याचा नकाशा मात्र ते बहुधा एका संध्याकाळी ठरवून टाकतात.

हा नकाशा येतो कोठून? ठेकेदाराने शेजारच्या गल्लीत नुकतेच एक घर बांधलेले असते. त्याचाच कागद थोडा इकडेतिकडे करून पुढे केला जातो. मोबाइलवर पाहिलेली दोन-चार चित्रे पुतण्या घेऊन येतो. पुण्यातील मुलाच्या सदनिकेत जशी रचना आहे तशीच येथे असावी, अशी आणखी एक सूचना निघते. पुढे दिवाणखाना, मागे स्वयंपाकघर, बाजूला दोन शयनगृहे, वर सपाट गच्ची, असा आराखडा तयार होतो. या घरात कोण राहणार आहे, ते दिवसभर काय करतात आणि बाहेर कोणते ऊन तापते, हे तीन प्रश्न त्या संध्याकाळी सहसा कोणी विचारीत नाही.

नियमावलीकडूनही ही उणीव भरून निघण्याजोगी नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाची परवानगी पुष्कळच सोपी केली. तीस बाय पन्नास फुटांचा नेहमीचा भूखंड सुमारे १३९ चौरस मीटरचा भरतो. म्हणजे मध्यमवर्गीयांची बहुतेक घरे या सवलतीत बसतात. सवलत स्वागतार्ह आहे यात शंका नाही. तथापि रस्त्यापासून किती अंतर सोडले आणि किती क्षेत्र बांधले हे नियम पाहतात; दुपारी तीन वाजता त्या खोलीत माणसाला बसवेल की नाही, हे पाहणे नियमांचे काम नव्हे. ते घरमालकाचेच काम आहे, आणि तो ते करीत नाही.

रेघांचा हिशेब

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता घराचा नकाशा हा कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा गुंतवणुकीचा निर्णय होय. कागदावरील रेघ पुसावयास खोडरबर पुरते. जमिनीवरील चुन्याची रेघ पायाने पुसता येते. परंतु तिच्यावर एकदा पाया उभा राहिला की तीच रेघ बदलण्यास घण लागतो आणि कर्जही लागते. चूक सुधारण्याचा खर्च असा पायरीपायरीने वाढत जात असताना, जेथे तो शून्य असतो त्या पायरीवर सर्वांत कमी वेळ दिला जावा, हे विपरीतच म्हटले पाहिजे.

हिशेबापुरता बांधकामाचा दर चौरस फुटास १,८०० रुपये धरू. तीन फूट रुंद आणि वीस फूट लांब असा निव्वळ जाण्यायेण्याचा बोळ नकाशात राहिला, तर ६० चौरस फुटांचे १ लाख ८ हजार रुपये होतात. बारा बाय सोळाचा दिवाणखाना १९२ चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास साडेतीन लाखांचा. घर कर्जावर उभे राहत असेल, आणि आज तसेच ते बहुधा राहते, तर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जात प्रत्येक लाखामागे दरमहा सुमारे ८६८ रुपयांचा हप्ता पडतो आणि एकूण फेड २ लाख ८ हजारांवर जाते. म्हणजे नकाशातील एक लाखाची चूक घरमालक दोन लाखांना विकत घेत असतो. बोळाने कोणालाही झोपावयास जागा दिलेली नसते. आणि कित्येक घरांत दिवाणखाना सणावारी व पाहुण्यांपुरता उघडतो, एरवी कुटुंब स्वयंपाकघरात आणि त्यालगतच्या एका खोलीत वावरत असते.

वरच्या मजल्याचेही असेच आहे. दोन मुलांसाठी दोन खोल्या असे म्हणून पाच-सहा लाख अधिक घातले जातात. मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास जातात, तेथेच नोकरीस लागतात आणि त्या खोल्या दिवाळीत झाडण्यापुरत्या उघडतात. पाच लाखांवर सात टक्के व्याज धरले तरी वर्षाचे ३५ हजार रुपये त्या कुलूपबंद खोल्यांनी खाल्ले, असाच त्याचा अर्थ. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीनंतरचे गणित आधीच्या पिढीइतके सरळ राहिलेले नाही. अशा वेळी सगळी शिल्लक विटा-सिमेंटमध्ये ओतून म्हातारपणी हात मोकळे करून बसणे हे शहाणपणाचे नव्हे. पाया आणि खांब वरच्या मजल्याचा भार पेलतील असे बांधावेत, जिन्याची जागा राखावी आणि मजला गरज पडेल तेव्हा चढवावा. उलट, तळमजल्यावर एक निजण्याची खोली, तिला लागून न्हाणीघर व शौचालय आणि तीन फूट रुंदीचे दार एवढे मात्र आजच हवे. कारण मुले परत येतील की नाही हे अनिश्चित असले तरी गुडघे दुखावयास लागणार हे निश्चित असते.

ऊन कोणत्या भिंतीवर?

मुंबई-पुण्याच्या सदनिकेचा नकाशा यवतमाळात का चालत नाही, याचे पहिले उत्तर सूर्याकडे आहे. हा जिल्हा साधारण वीस अंश उत्तर अक्षांशाच्या पट्ट्यात येतो. मेच्या चौथ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर येतो. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. तापते ते छत, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तर मे महिन्यात ती सावलीत राहते आणि थंडीत तिच्यातून हवेहवेसे ऊन आत येते. पश्चिमेच्या खिडकीला मात्र असा छज्जा पुरत नाही, कारण मावळतीकडे झुकलेला सूर्य त्याच्या खालून आत शिरतो.

रस्ता पश्चिमेस आहे, म्हणून दर्शनी बाजूस निजण्याची खोली, तिला काचेची मोठी खिडकी, असे ज्याने बांधले त्याने उन्हाळ्यातील आपल्या झोपेची तेवढी वजाबाकी केली असे समजावे. दुपारी तीन ते सहा तापलेली नऊ इंची विटांची भिंत आपली उष्णता आत सोडते ती रात्रीच. वरच्या काँक्रीटच्या छताचेही तेच. पारा ४४-४५ अंशांवर गेलेल्या दिवशी रात्री दहा वाजता भिंतीला हात लावून पाहिल्यास हे पुस्तक न उघडताही कळते. यास्तव जिना, न्हाणीघर, शौचालय, कोठीची खोली अशा, जेथे माणूस थोडा वेळच थांबतो, त्या जागा पश्चिमेस द्याव्यात. त्या उन्हाच्या आड उभ्या राहतात. निजण्याच्या आणि अभ्यासाच्या खोल्या पूर्वेस व उत्तरेस घ्याव्यात. गच्चीस दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना फासावा. यातील खोल्यांच्या अदलाबदलीस तर एक पैसाही अधिक लागत नाही.

वास्तुशास्त्राच्या नावाने आज जे चालते त्याचाही येथे विचार केला पाहिजे. स्वयंपाकघर आग्नेयेस असावे या संकेतात सकाळचे ऊन आत यावे आणि उन्हाळ्यातील पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर चुलीचा धूर घराबाहेर जावा, असा व्यवहार दिसतो. पण प्रत्येक संकेताला दोष आणि प्रत्येक दोषाला महागडा परिहार, असा धंदा सुरू झाला की बांधलेली भिंत फोडावी लागते आणि दार नको त्या बाजूस न्यावे लागते. दिशा पाळावयाच्या असतील तर त्या सूर्य आणि वारा पाहून पाळाव्यात.

विदर्भातील घराला कूलर सुटत नाही. वस्तुतः नकाशा काढतानाच त्याची जागा ठरली पाहिजे: उत्तरेची वा पूर्वेची सावलीतील खिडकी, तिच्याशेजारी पाण्याची तोटी, आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर जाण्यास दुसरी वाट. कूलर ओलावा आत लोटतो; तो बाहेर गेला नाही तर खोली दमट होते आणि गारवा नाहीसा होतो. नव्या घरांत कूलर ओसरीत लोखंडी तिवईवर, जाण्यायेण्याची वाट अडवून, भर उन्हात उभा असतो. आणि समोर खिडकी नसल्याने दार उघडे टाकावे लागते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या निदान एकदशांश इतकी हवेची वाट असावी असे म्हटले आहे. दहा बाय बाराच्या खोलीस बारा चौरस फूट झाली. ती एकाच भिंतीत न ठेवता दोन भिंतींत वाटली तरच वारा वाहतो.

तिचे श्रम कोण मोजणार?

नकाशाच्या बैठकीला घरातील कर्ता पुरुष असतो, ठेकेदार असतो, एखादा अनुभवी शेजारी असतो. जिचा बहुतेक दिवस त्या घरात जाणार ती गृहिणी चहा आणून देते आणि आत जाते. घराचा सर्वांत मोठा दोष येथेच जन्मतो. स्वयंपाकाचा ओटा आणि भांडी घासण्याची जागा यांत दहा फुटांऐवजी पंचवीस फुटांचे अंतर पडले आणि दिवसातून वीस फेऱ्या झाल्या, तर जाऊनयेऊन ६०० फूट अधिक चालावे लागते. वर्षाअखेर हे अंतर जवळजवळ ६७ किलोमीटर होते. नकाशातील एका निष्काळजी रेघेने घरच्या बाईला दरसाल जणू यवतमाळहून वर्ध्यापर्यंत पायी चालविले, असाच याचा अर्थ. आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे चालणे शाळेतून परतल्यानंतरचे असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गृहिणीचे श्रम धरले जात नाहीत, ही तक्रार अर्थशास्त्राच्या वर्गात नेहमी होते. घराच्या नकाशात तरी ते धरले जावेत. पापड-कुरडयांचे वाळवण कोठे पडणार, तुरीची डाळ कोठे पसरणार, धुण्याचे पाणी कोठे जाणार, दारी आलेला माणूस स्वयंपाकघरातून दिसणार की नाही, हे प्रश्न तिनेच विचारावयाचे आहेत, आणि तिच्या उत्तरावरून रेघा हलल्या पाहिजेत.

पाण्याचा प्रश्नही तिचाच मानला जातो, वस्तुतः तो साऱ्या घराचा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही धरणे आटली तेव्हा यवतमाळकरांनी काढलेले दिवस विसरण्याजोगे नाहीत. हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाकाठी ९०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे ६७ हजार लिटर पाणी हाती येते. ते सगळे साठविणे शक्य नाही. परंतु दहा हजार लिटरचे टाके पायाच्या वेळीच बांधले, तर पाच माणसांच्या घरास रोज ४० लिटरप्रमाणे पिण्या-स्वयंपाकाचे पाणी २५० दिवस पुरते. उरलेले पाणी विहिरीत वा बोअरजवळ जिरविता येते. घर उभे राहिल्यावर हेच टाके करावयाचे म्हटले की अंगण फोडावे लागते, आणि मग ते राहूनच जाते.

जुन्याचे काय घ्यावे?

या ठिकाणी जुन्या वाड्याची आठवण निघणे स्वाभाविक आहे. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी, ओसरीवर बंगई, मध्ये माजघर आणि मागे परसदार, असे वऱ्हाडातील घर उन्हाळा सोसून होते. तथापि त्याचे गोडवे गाताना त्याच्या अंधारलेल्या माजघरात धुराने डोळे गेलेल्या बायका विसरता कामा नयेत. आणि कोणी ओसरीवर चढावे व कोणी अंगणातच उभे राहावे हेही त्या घराच्या रचनेतच लिहिलेले होते, हेही विसरता कामा नये. घराचा नकाशा समाजाचाही नकाशा असतो. म्हणून ओसरीची सावली घ्यावी आणि तिच्यावरची उतरंड टाकून द्यावी, हाच विवेक.

असा विवेक करून बांधलेले घर पाहावयास दूर जावे लागत नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. तेथील बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू या भोवतालच्याच साहित्याची आहे. तिच्याभोवतीचे छायेचे पडवीवजा पट्टे, जाड मातीच्या भिंती आणि मोजके सामान पाहिले की त्या उन्हाचा विचार तेथे कसा झाला ते कळते. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच या विचारवंताने सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात याच कुटीवरून, घर हे वस्तू साठविण्याचे कोठार होऊ नये, असा विचार मांडला होता. मध्यमवर्गीयाने कुटीत राहावे असे कोणी म्हणणार नाही. पण सोफा कोठे बसेल हे आधी आणि माणूस कोठे बसेल हे नंतर ठरविणाऱ्या नकाशाला त्या कुटीपासून काही शिकता येईल.

जागा जितकी कमी तितका नकाशा महत्त्वाचा. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र २० चौरस मीटर होते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात ते स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट झाले. सपाट प्रदेशासाठी तेव्हा अनुदान ठरले ते १ लाख २० हजारांचे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदाराकडून नव्हे, अशी या योजनेची अपेक्षा आहे. एवढ्याशा जागेत झरी-जामणीच्या कोलाम कुटुंबाने, घाटंजीच्या गोंड शेतमजुराने किंवा तांड्यावरील बंजारा कुटुंबाने संसारही मांडावयाचा आणि वेचणीनंतरचा कापूसही ठेवावयाचा असतो. कापसाच्या ढिगाशेजारी चूल आणि त्याच ढिगावर निजलेली मुले, हे या जिल्ह्यातील अनोळखी दृश्य नव्हे. तेथे दारासमोर सहा फुटांची छपरी, कापसासाठी चुलीपासून दूर वेगळा कोपरा आणि समोरासमोर दोन खिडक्या, एवढे साधले तरी घरकुलाचे घर होते. केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाने प्रदेशाप्रदेशांतील हवामान व साहित्य ध्यानी घेऊन केलेल्या नमुन्यांचा 'पहल' नावाचा संग्रह प्रसिद्ध केलेला आहे. असे नमुने सोप्या मराठीत, चित्रांसह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजेत.

शहरांतही हे करता येण्यासारखे आहे. नगर परिषदांनी नेहमीच्या आकाराच्या भूखंडांसाठी, रस्ता पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस वा दक्षिणेस असेल त्याप्रमाणे निदान चार-चार आदर्श नकाशे तयार करवून ते नाममात्र मोबदल्यात द्यावेत. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांनी मे महिन्यात शंभर घरांतील खोल्यांचे तापमान मोजले, तर कोणता नकाशा चांगला हा वाद मताचा न राहता मोजमापाचा होईल. आणि तज्ज्ञ वास्तुरचनाकाराला दिलेले पैसे हा वायफळ खर्च नव्हे. फरशीच्या रंगावर जेवढा पैसा सहज उधळला जातो त्याच्याशी तुलना केली तरी हे पटावे.

तोवर घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाला एक बिनखर्ची उपाय करता येईल. चुन्याच्या रेघा आखून झाल्या की कुदळ मारण्याची घाई न करता घरातील सर्वांनी, सासूपासून शाळकरी मुलापर्यंत, एक पूर्ण दिवस त्या रेघांत घालवावा. सकाळी ओट्याच्या जागी उभे राहावे, दुपारी तीन वाजता निजण्याच्या खोलीत चटई टाकावी, संध्याकाळी पुस्तक घेऊन बसावे, आणि रेघ ओलांडताना कोणाचा पाय कोठे अडतो ते पाहावे. जी रेघ सलेल ती त्याच दिवशी पायाने पुसून नव्याने आखावी. मुहूर्त चार दिवसांनी पुढे गेला तरी बिघडत नाही. त्या घरात पुढची चाळीस वर्षे काढावयाची आहेत.